आता आले मामा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत हवं, असं पत्र आलं आणि शाळेवर लिहायला बसलो. तीनदा बसलो, तिन्ही वेळा गाडी बाईंवरच येऊन थांबली. मैदान, सहली, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. बाईंचं नाव घालत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. शिवाय आपल्याकडे 'इंग्रजीच्या बाई' म्हटल्यावर कोणत्या, असं कुणी विचारत नाही.

नववी ब, चिंचेकडची खोली, शनिवारचा ऑफ तास. बाई हातात पुस्तक न घेता यायच्या आणि चॉसर सांगायच्या. अभ्यासक्रमात तो नव्हता. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी, लंडनच्या नदीपलीकडची टॅबर्ड खानावळ, तिथून कँटरबरीला निघालेले तीसेक यात्रेकरू. "म्हणजे वारी का?" असं मागून कुणीतरी विचारलं. "वारीच म्हण, पण घोड्यावरून. आणि अभंगांऐवजी गोष्टी. त्यातल्या काही तुम्हाला सांगण्यासारख्या नाहीत," असं म्हणून बाई पुढे गेल्या. त्या 'काही' गोष्टींसाठी मी पुढे कॉलेजच्या लायब्ररीत बराच वेळ घालवला.

एकदा त्यांनी स्टाफरूममधून चहाचा कप मागवला आणि त्या यात्रेतल्या, मठाच्या प्रमुख साध्वीबाई करून दाखवल्या. वरचा ओठ इतका नीट पुसायचा की पेल्याला तेलाचा ठिपका दिसू नये. सापळ्यात अडकलेला उंदीर पाहिला तरी डोळ्यांत पाणी. कुत्र्यांना भाजलेलं मांस, दूध आणि उंची पांढरा पाव. "आता दारातल्या भिकाऱ्याला ती काय द्यायची, ते शोधा," बाई म्हणाल्या. आठवडाभर शोधलं. कवीने त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, आणि तेच तर बाईंना दाखवायचं होतं.

तसाच तो स्वयंपाकी. नडगीवर चिघळलेली जखम, त्याची कवीला हळहळ, आणि लगेच पुढच्या ओळीत, कोंबडी-तांदळाचा पांढरा पदार्थ मात्र हा झकास करतो! आम्ही सगळे "शीऽ" म्हणालो. "शी कोण म्हणालं? तुम्ही. चॉसर नाही." यात्रेतली बाथ गावची एक बाई थोडी बहिरी होती, एवढंच आमच्या बाईंनी एका शनिवारी सांगितलं. कान कशाने गेला? पुढच्या शनिवारी कळलं. पाचव्या नवऱ्याच्या पुस्तकाची पानं तिने फाडली, तेव्हाचा त्याचा फटका.

मग आम्हाला घंटेच्या मामांवर पाच ओळी लिहायला सांगितलं. मी लिहिलं, मामा आळशी आहेत, तंबाखू खातात, मुलांवर खेकसतात. बाईंनी वही परत दिली. "हा तुझा निकाल झाला. यात मामा कुठायत?" दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मधल्या सुट्टीत मला घंटेसमोरच्या पायरीवर बसवलं. मित्र डबे खात होते, मी मामा बघत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की टोल देण्याआधी मामा उजव्या पायातली चप्पल काढतात. फक्त उजव्या. का, ते विचारायचं धाडस झालं नाही. तेवढंच लिहून दिलं. बाईंनी वाचलं, म्हणाल्या, "आता आले मामा." मला शाळेत मिळालेलं हे एकमेव बक्षीस.

पुढे मी कस्टम्समध्ये लागलो. पेढे घेऊन गेलो तर बाई हसायलाच लागल्या. "अरे, चॉसर तुमच्याच खात्यातला!" खरंच होतं. १३७४ पासून बारा वर्षं तो लंडन बंदरात लोकर आणि कातड्यांवरच्या जकातीचा हिशेब बघत होता, आणि नोंदी स्वतःच्या हाताने लिहायची अट होती. त्याच्या यात्रेत एक व्यापारी आहे. सारखा नफ्याच्या गप्पा मारतो, आणि तो कर्जात आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. न्हावा शेव्याला माझ्या टेबलासमोर तो निदान चार वेळा येऊन बसला असेल. मी अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. माझ्या तपासणी अहवालांत विशेषणं नसतात, असं वरिष्ठ म्हणायचे. ते तक्रार म्हणून म्हणायचे की कौतुक, हे अजून कळलेलं नाही.

परवा या मनोगताच्या निमित्ताने शाळेत आलो. चिंच नाही, नववी ब दुसऱ्या मजल्यावर गेली आहे, ऑफ तासाला आता संगणक असतो म्हणे. ऑफिसात बसलो असताना विजेची घंटा आपोआप वाजली. मी पटकन खाली पायांकडे पाहिलं.