थेंबांचा हिशेब

द्रवाचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्यासारखे आकसून धरणारा जोर, मोजायचा म्हटले की डोळ्यांसमोर प्रयोगशाळा उभी राहते. प्रत्यक्षात औषधाचा ड्रॉपर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आणि बऱ्यापैकी सबुरी एवढ्या भांडवलावर हे काम घरी होते. ड्रॉपर उभा धरून त्याचा रबरी फुगा अगदी सावकाश दाबला, की टोकाशी पाणी जमते, खाली फुगत जाते, त्याला बारीक मान येते आणि ती तुटते त्या क्षणी मोठ्या थेंबामागोमाग एक इवलासा थेंबही निसटतो. टोकाच्या कडेभोवतीच्या पृष्ठताणाला वजन पेलवेनासे झाले म्हणजे थेंब सुटतो, तेव्हा थेंबाच्या वजनातूनच तो ताण काढता येतो, हा नियम थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये मांडला.

मात्र सूत्रात सरळ आकडे घातले तर उत्तर बरेच कमी येते, कारण लोंबणाऱ्या पाण्यातले काही टोकाशीच मागे राहते. यावर तोड अशी, की एकाच ड्रॉपरने आधी पाण्याचे आणि मग दुसऱ्या द्रवाचे १०० थेंब वाटीत घेऊन त्यांची वजने ताडून पाहावीत. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२.८ मिलिन्यूटन असतो. बाकीचे काम त्रैराशिकाचे. इथाइल अल्कोहोलचा आकडा २२ च्या आसपास, त्यामुळे त्याचे थेंब एवढे लहान पडतात की एका मिलिलिटरमध्ये पाण्याच्या दुपटीहून अधिक मावतात. (औषधाचे ‘दहा थेंब’ हे माप किती मोघम आहे, हे इथे ध्यानात येते.) साबणाच्या पाण्याला तर घाई चालतच नाही, कारण साबणाच्या रेणूंना नव्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि भराभर पाडलेले थेंब ताण फुगवून दाखवतात.

खरी पंचाईत स्वच्छतेची असते, आणि माझ्या मते या प्रयोगातला सारा रस तिथेच आहे. बोटाचा तेलकटपणा किंवा वाटीला राहिलेला साबणाचा अंश आकडा खाली ओढायला पुरतो. जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पोकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात हीच अडचण हाताशी धरून संशोधन केले. पत्र्याच्या उथळ तबकात पाणी भरून त्यावर पत्र्याची पट्टी सरकवत त्या पृष्ठभाग निपटून घेत, आणि पाण्याला टेकवलेली लहान चकती उचलायला किती जोर लागतो ते तराजूने मोजत. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या या बाईंनी हे सारे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले, आणि त्यांनी ते पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापवून आणले.

घरी पट्टीची सोय नसली तरी एक पडताळा हाताशी असतो: दुसऱ्या द्रवाची मोजणी झाल्यावर ड्रॉपर भरपूर पाण्याने धुऊन पाण्याचे १०० थेंब पुन्हा तोलावेत, आणि पहिले वजन जुळले नाही तर मधला आकडा खुशाल खोडून टाकावा.