वीतभर पायरी

पडले तेव्हा माझा वेग चालणाऱ्या माणसाएवढाच होता. हे आधीच सांगून टाकते, कारण 'टेकडीवर सायकलवरून पडली' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हवेत गिरक्या घेणारी बाई येते. तसलं काही नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर वेताळाच्या देवळाकडून खाणीच्या बाजूला उतरणारी एक पायवाट आहे. ती गिरिपुष्पाच्या झाडीत शिरते तिथे कातळाची वीतभर उंच पायरी लागते. ही पायरी मी दहा-बारा वर्षं उतरतेय, मागच्याशी गप्पा मारत उतरलेय. नोव्हेंबर २०२३ मधल्या त्या सकाळी मात्र ती मला दिसली तेव्हा पुढचं चाक तिच्यावर पोचलं होतं. घाबरून पुढचा ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली, मी थांबले नाही.

उठले, पँट झटकली. फाटली नाही ना ते आधी बघितलं, मग हात. डाव्या मनगटाला पळीसारखा बाक आला होता.

वय ५३. प्लास्टर सहा आठवडे. बघायला येणाऱ्या प्रत्येकानं वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे पुरे आता. सासूबाईंनी तळजाईला चालायला जायचं सुचवलं. नणंदेनं योगासनांच्या वर्गाचा नंबर पाठवला. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तर "ह्या वयात?" एवढंच विचारून वाक्य हवेत सोडून दिलं. मी सदाशिव पेठेतून शाळेत सायकलनं गेलेली मुलगी. कॉलेजात आमच्या वेळी स्टँडवर शेकड्यांनी सायकली असत आणि आपली शोधायला पाच मिनिटं लागत. तेव्हा हे शहर सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं. चाळिशीत, २०१० साली, जाड टायरची सायकल घेतली ती रस्त्यांवरच्या गाड्यांना कंटाळून. टेकडीवर निदान हॉर्न नसतो. आता ते सोडून ट्रॅकवर गोल गोल चालायचं?

डॉक्टर मात्र निराळंच बोलले. सायकलचं त्यांना काही वाटलं नाही. "उभं राहून पडलं तरी एवढ्याच जोरात पडतो माणूस," ते म्हणाले. "एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडलं, म्हणजे हाडं तपासायला हवीत. पाळी बंद होऊन किती वर्षं झाली?" तीन. मग हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. कमरेचा टी-स्कोअर उणे १.९ आला. तरुणपणीच्या भरीव हाडांशी तुलना करून हा आकडा काढतात. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे हाडं विरळ होऊ लागलीत, आणि उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. पाळी थांबल्यावरच्या काही वर्षांत ही झीज सगळ्यात जोरात होते.

मी म्हटलं, "पण मी तर एवढी सायकल चालवते!" त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. सायकलनं हृदय आणि पाय सुधारतात, हाडांच्या पदरात फार काही पडत नाही. आपलं वजन सीट पेलते. हाडाला मजबूत व्हायला भार लागतो, थोडा दणका लागतो. म्हणजे इतकी वर्षं मी दर रविवारी घाम गाळून येत होते आणि पाठीचा कणा आरामात बसून होता.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं होतं. पोळी लाटताना लाटणं एका बाजूला पळायचं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं ओला टॉवेल पिळायला लावला, स्पंजचा चेंडू दाबायला दिला, आणि दोन महिन्यांनी हाताला धरून जिममध्ये नेलं. तिथला रिकामा बारच २० किलोचा असतो हे मला माहीत नव्हतं. भरलेला गॅस सिलेंडर साधारण ३० किलोचा, म्हणून मी मनात सिलेंडरचा हिशेब धरला. जमिनीवरून एक सिलेंडर उचलायला सात आठवडे लागले. आता दीड उचलते. परवा सिलेंडर घेऊन आलेला मुलगा दारात जरा थांबला, तेवढ्यात मी तो आत नेला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण मी पडले का, हा प्रश्न शिल्लकच होता. हाड का मोडलं ते कळलं. पायरी का दिसली नाही?

उत्तर जिन्यात सापडलं. प्लास्टरमध्ये असतानाच एकदा खाली जाताना शेवटची पायरी संपली असं वाटलं आणि नव्हती. कठडा धरला म्हणून बचावले. तिथेच उभी राहून मान वरखाली केली. मान खाली घातली की पायरीची कड स्पष्ट, मान ताठ ठेवून नुसते डोळे खाली केले की कड विरघळलेली. चष्मा दिवाळीत नवा केला होता. प्रोग्रेसिव्ह, वर लांबचं, मध्ये मधलं, खाली वाचायचं. शिवाय उन्हात आपोआप काळा होणारा. दुकानदारांनी "एकात सगळं" म्हणून दिला होता आणि मीही हौसेनं घेतला होता.

गेले त्यांच्याकडे. लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या गल्लीतलं जुनं दुकान, माझ्या वडिलांचेही चष्मे तिथलेच. काका म्हणाले, "ताई, सायकलवर तुम्ही बसता कशा? दाखवा बघू." स्टुलावर बसले, पुढे वाकले, एक हात प्लास्टरमध्ये आणि एक मोकळा, दोन्ही हवेत हँडल धरल्यासारखे. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी फ्रेम बघणं थांबवलं. काकांनी पावतीचा कागद चुरगाळून माझ्यापुढे सहा-सात फुटांवर फरशीवर टाकला. "डोकं न हलवता बघा." कागद दिसेना. दिसला तो पांढरा धूर.

"तुम्ही दगड वाचायच्या काचेतून बघताय," ते म्हणाले. "तो भाग हातातल्या पेपरसाठी आहे, हात-सव्वा हात अंतराला. जमिनीसाठी नाही."

आणि काळ्या काचेचं गणित तर त्याहून सोपं होतं. उघड्या माळावर काच काळी होते, झाडीत शिरल्यावर ती पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटं घेते, आणि पायरी सावलीत शिरल्या शिरल्या आहे. त्यात आमच्या वयाचे डोळेही उजेडातून अंधारात जाताना पूर्वीसारखे चटकन सरावत नाहीत. एका चष्म्यात दोन घोटाळे मी पैसे मोजून विकत घेतले होते.

सायकलचा चष्मा आता वेगळा आहे. फक्त लांबच्या नंबरचा, सहजी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा, रंग न बदलणारा. त्यातून मोबाइल वाचता येत नाही, त्यामुळे टेकडीवर कुणाचे मेसेज मी बघत नाही. हा फायदा अनपेक्षित.

मार्चमध्ये सायकल कोथरूडमधल्या मेकॅनिककडे नेली. मेकॅनिक म्हणजे माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगा, स्वतः टेकडीवर वाऱ्यासारखा उतरणारा. त्यानं टायर अंगठ्यानं दाबला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी पोह्यात साखर घातली असावी.

"काकू, किती हवा भरता?"

"चाळीस."

"का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंपावर चाळीस छान दिसतं म्हणून. आपल्या टेकड्यांवर बसाल्टच्या कातळावर मुरूम पसरलेला असतो, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडल्यासारखी. त्यावर कडक टायर टणाटण उडतो, पकड घेत नाही, आणि प्रत्येक दणका मनगटात येतो. त्यानं ट्यूब काढून टायर ट्यूबलेस केले, आत भोकं बुजवणारं सीलंट ओतलं. माझं वजन ६१ किलो आणि टायर सव्वादोन इंचांहून रुंद, त्या हिशेबानं पुढे २० आणि मागे २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलं. ट्यूब असती तर एवढ्या कमी हवेत दगडावर आपटून ती चिमटली असती. पहिल्या दिवशी मला वाटलं चाक पंक्चर आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुणीतरी टेकडी झाडून घेतलीय.

ब्रेकचं काम तर दोन मिनिटांचं होतं, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. माझे हात लहान. ब्रेकची दांडी कंपनीतून आली तशीच होती, लांब. त्यामुळे मी तीन बोटं ताणून ब्रेक दाबायचे, आणि तीन बोटांनी घाबरून दाबला की हायड्रॉलिक ब्रेक चाक जखडूनच टाकतो. त्यानं ॲलन की घेऊन दांडी जवळ ओढली, ब्रेक थोडा आत सरकवला म्हणजे दांडीच्या टोकाशी एकच बोट बसेल, आणि कोन बदलला म्हणजे मनगट मोडल्यासारखं वाकणार नाही. चौदा वर्षं सायकल चालवतेय. चौदा वर्षांत हा स्क्रू मी एकदाही फिरवला नव्हता.

आणि ड्रॉपर. म्हणजे हँडलवरची कळ अंगठ्यानं दाबून सीटवर भार दिला की ती खाली जाते, उतार संपल्यावर पुन्हा दाबली की वर येते. सीट उंच असली की उतारावर ती पोटात येते, शरीर खाली आणि मागे नेता येत नाही, म्हणून माणूस तोंडावर जातो. हा मी वर्षानुवर्षं 'पोरांचा लाड' म्हणून टाळला होता. किंमत लिहीत नाही, नवरा हे वाचणार आहे.

मग खरी शिकवणी सुरू झाली. चढाची मला काळजी नव्हती. चढावर वय झालं की गिअर हलका होतो आणि दम लागतो, एवढंच. घड्याळातल्या सूत्राप्रमाणे, २२० वजा वय (तोवर ५४), माझ्या हृदयाच्या ठोक्यांची कमाल मिनिटाला १६६ धरायची. सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक फरक पडतो, पण मला तो आकडा आवडतो कारण तो दिसला की मी निर्लज्जपणे थांबते. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्यानं टेकडी चढायला पूर्वीपेक्षा बराच वेळ जास्त लागतो. लागू दे. वेताळाचं देऊळ साधारण ८०० मीटर उंचीवर आहे आणि ते कुठे जात नाही.

घाबरवतो तो उतार. पहिले तीन आठवडे मी प्रत्येक अवघड जागी उतरून सायकल हातात धरून चालले. पस्तिशीतली एक मुलगी मागून आली, म्हणाली, "काकू, काही झालं का?" "काही होऊ नये म्हणून चाललेय," म्हटलं. उतरून चालण्याची लाज वाटायची ती त्या महिन्यात गेली. उलट पायी चालताना वाटेचं जे दिसतं ते सायकलवरून कधी दिसलं नव्हतं, कुठे मुरूम घसरतोय, कुठे कातळ उघडा आहे, पाणी कुठून वाहून गेलंय. मेकॅनिकच्या सांगण्यावरून रोज एकच उतार, तीनदा. आधी पायी, मग हळू, मग नीट. नजर चाकापुढे नाही, चार-पाच सायकली पुढे. जिथे बघाल तिथे जाल. खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात, हे मी स्वतः तपासलंय.

आणि आराम. हे मला सगळ्यात उशिरा पटलं. पूर्वी शनिवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आणि रविवारी टेकडी, सोमवारी ऑफिस. आता मोठ्या सायकलिंगनंतर दोन दिवस सुट्टी, त्यातला एक जिमचा. तीन दिवसांची झोप नीट झाली नसेल तर मी अवघड वाटेवर जातच नाही. हा नियम माझा मीच केलाय आणि तीनदा मोडलाय. तीनपैकी दोनदा पडले, सुदैवानं गवतात.

मुलगी मध्यंतरी उत्साहानं सांगत होती, की नेड ओव्हरेंड नावाचा एक अमेरिकन आहे, १९९० साली अमेरिकेतल्या डुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धा जिंकलेला. तोच २०१५ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, अमेरिकेची पहिली फॅट बाइक (खूपच जाड टायरची सायकल) राष्ट्रीय स्पर्धाही जिंकला, तीसुद्धा खुल्या गटातल्या तरुणांना मागे टाकून. "बघ आई!" मी म्हटलं, बघितलं, त्याची पाळी गेलेली नाही. पण मुलगी गेल्यावर मी ते सगळं दोनदा वाचून काढलं, खोटं कशाला बोलू.

त्या पायरीवर मी परत गेले ती मेच्या शेवटी, पावसाआधी. पाऊस लागला की कातळावर शेवाळ धरतं, मग ऑक्टोबरपर्यंत ती जागा मी सोडून देते. सकाळचे साडेसहा. खाणीच्या बाजूनं मोर ओरडत होता. पहिल्यांदा पायी उतरले, पायरीची कड बोटांनी चाचपली. तिच्यावर एका ठिकाणी माझ्याच पेडलचा असावा असा ओरखडा होता, किंवा तसं मला वाटलं. सायकल वर घेऊन आले. कळ दाबली, सीट खाली गेली. ब्रेकवर एकेक बोट. माळावरून सावलीत शिरले आणि पायरी होती तिथे, काळी, स्वच्छ, कडेला वाळलेल्या पानासकट. नजर तिच्यापलीकडे नेली. पुढचं चाक उतरलं, मग मागचं, ठक्, ठक्, आणि मी सायकलवरच होते.

ओरडावंसं वाटत होतं. वळणावर पांढरा शर्ट, कानटोपी आणि हातात काठी घेतलेले एक आजोबा बाजूला होऊन उभे होते. मेमध्ये कानटोपी. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, नवा चष्मा, सगळं.

"बाई," ते म्हणाले, "घंटी कुठाय?"

नव्हती. इतकं सगळं करून घंटी नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन पितळी घेतली. डावीकडे ड्रॉपरची कळ आहे, म्हणून उजवीकडे बसवलीय.