आमची वाटचाल : जिवंत सशापासून स्प्रिंगच्या मुंगसापर्यंत

जादूच्या साहित्याच्या धंद्यात गुपित हाच खरा माल असतो. पेटी, नळकांडे, रुमाल या सगळ्या त्याच्या पिशव्या. आमच्या पुण्यातील छोट्या कार्यशाळेत गेली वीसेक वर्षे जे मुंगूस तयार होते, त्याचे गुपित मात्र चौथीतल्या मुलालाही ठाऊक असते. आत स्प्रिंग आहे, बाहेर फरचे कापड आहे आणि मागून जादूगाराचा हात आहे. हे ठाऊक असूनही तेच मूल पिशवीकडे वाकून पाहते आणि मुंगसाने मान वळवताच दोन पावले मागे सरकते. आमचा सगळा व्यवसाय त्या दोन पावलांवर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

आमचे वडील हौशी जादूगार होते. जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहून ज्या पिढीने पुण्यात जादू शिकायला घेतली, त्या पिढीतले ते. दिवसा नोकरी आणि सुट्टीत शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील मंडळे, क्वचित एखादा तिकीट लावून केलेला प्रयोग, असा त्यांचा क्रम असे. कार्यक्रमाच्या शेवटी रिकाम्या पेटीतून पांढरा ससा काढल्याशिवाय आपला प्रयोग पूर्ण होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि त्या काळच्या प्रेक्षकांचीही तीच होती. एका मे महिन्यात जळगाव भागातील दौऱ्यात ससा पेटीच्या चोरकप्प्यात नेहमीपेक्षा अधिक वेळ राहिला. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकतो. बंद कप्प्यात आणि खानदेशच्या उन्हाळ्यात त्या कानांचा काही उपयोग होत नाही. वडिलांनी पेटी उघडली तेव्हा ससा जिवंत होता, परंतु मान टाकलेला होता, आणि पुढच्या रांगेतील मुलांनी ते पाहिले. तो ससा त्या रात्री गेला. वडिलांनी पुढे जादू सोडली नाही, पण जिवंत प्राणी सोडला.

पुढे कायद्यानेही तीच दिशा धरली. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा असला, तरी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवरील बंदी १९९८ च्या अधिसूचनेनंतर आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरल्यावर खऱ्या अर्थाने लागू झाली. त्याच वर्षी आलेल्या नियमांमुळे खेळात वापरल्या जाणाऱ्या इतर प्राण्यांचीही भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक ठरले. रस्त्यावरच्या गारुड्याचा साप आणि मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हळूहळू दिसेनासे झाले होतेच. वाढदिवसाला तासाभराचा कार्यक्रम करणाऱ्या जादूगाराला एका सशासाठी कागदपत्रांचा हा व्याप परवडणारा नव्हता. त्याला प्राणी हवा होता, आणि त्या प्राण्याने चारा मागू नये, अशी त्याची अपेक्षा होती. आमच्या व्यवसायाची सुरुवात या गरजेतून झाली.

आम्ही पहिला प्राणी शिवला तो एका परदेशी नमुन्यावरून. अमेरिकेत स्प्रिंगवर हलणारा रॅकून, म्हणजे तिकडचा पट्टेरी शेपटीचा एक प्राणी, फार लोकप्रिय आहे. एका परिचितांनी तिकडून आणलेला रॅकून आम्ही उसवून पाहिला, त्याची कापणी कागदावर उतरवून घेतली आणि हुबेहूब तसाच तयार केला. काम उत्तम उतरले होते. मात्र पहिल्याच प्रयोगात मुलांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली की, हे मांजर आहे, कोल्हा आहे की उदमांजर? जादूगाराची पहिली पाच मिनिटे प्राण्याची ओळख करून देण्यात गेली आणि ओळख करून द्यावा लागणारा प्राणी हसवत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

मुंगूस सुचले ते आमच्या सौभाग्यवतींना. लहानपणी शेताच्या बांधावर मुंगूस आडवे गेले की आपण सगळेच म्हणत असू, ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ.’ मुंगसाने तोंड दाखवले की दिवस चांगला जातो, ही समजूत महाराष्ट्रात इतकी खोलवर आहे की शहरातील मुलांनाही आजीकडून ती कळलेली असते. जादूगाराने लाकडी पेटी समोर ठेवावी, आतून नुसती शेपटी बाहेर डोकवावी, मुलांनी शपथ घालावी, मुंगसाने उलट अधिक आत दडी मारावी आणि तिसऱ्या हाकेला अचानक तोंड बाहेर काढावे, एवढ्या मांडणीवर दहा मिनिटांचा प्रयोग उभा राहतो. त्यातील संवाद जादूगाराला पाठ करावे लागत नाहीत, कारण ते प्रेक्षकांनाच पाठ असतात. परदेशी नमुन्यातील फक्त स्प्रिंग आमच्याकडे उरली. बाकीचे मुंगूस इथलेच आहे.

याच अनुभवामुळे पुढे आम्ही इतर साहित्याकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पाश्चात्त्य बालजादूत एक जुना प्रयोग आहे. त्यात फळीच्या दोन टोकांना दोन घरे असतात, मध्ये भिंत असते आणि जादूगाराची पाठ वळली की पत्र्याचा ससा एका घरातून दुसऱ्या घरात पळतो. मुले ओरडतात आणि जादूगाराला काही कळत नाही. आम्ही त्या फळीवर डावीकडे शेणाचे आणि उजवीकडे मेणाचे घर रंगवले आणि सशाच्या जागी कावळा बसवला. पावसात घर वाहून गेलेला कावळा ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ म्हणत असताना जादूगार प्रेक्षकांकडे तोंड करून गोष्ट सांगत राहतो आणि मागे कावळा दार न उघडताच आत जाऊन बसतो. यंत्रणा तीच आहे, दोरीही तीच आहे. पण सशाच्या वेळी मुले ‘मागे बघा’ म्हणत असत, कावळ्याच्या वेळी ती चिमणीची बाजू घेऊन जादूगाराशी भांडतात.

सगळेच प्रयत्न साधले असे नाही. पिसे काढलेली रबराची कोंबडी हे पाश्चात्त्य विनोदी जादूचे जणू बोधचिन्ह आहे, म्हणून आम्ही मोठ्या उत्साहाने शंभर नग मागवले. श्रावणात एका सोसायटीच्या कार्यक्रमात आमच्या गिऱ्हाइकाने ती टोपीतून काढली, तेव्हा हशा तर पिकला नाहीच, उलट पुढच्या रांगेतील आजी उठून गेल्या. सोललेली कोंबडी ही आपल्याकडे खाटकाच्या दुकानात दिसणारी वस्तू आहे, विनोदाची नव्हे. आणि ती सामिष घरांतही तितकीच निरुपयोगी ठरते, कारण तिथे तिला पाहून हसण्याऐवजी रस्सा आठवतो. त्यातील साठ नग अजून माळ्यावर आहेत. तुरा असलेला, आरवणारा आणि सारखी पत्त्याची चुकीची पाने ओढणारा कापडी कोंबडा मात्र व्यवस्थित खपतो.

डब्यातून उडी मारणाऱ्या सापाची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅमच्या बरणीतून आणि पुढे शेंगदाण्याच्या डब्यातून निघू लागला. आम्ही त्याला चकलीच्या डब्यात बसवला आणि दिवाळीच्या आधी त्याला चांगली मागणी येते. तीन फुटांचा साप चार इंचांत दाबला जातो, त्यामुळे तार किती जाड घ्यायची हा प्रश्न नाजूक आहे. आमच्या पहिल्या नमुन्याची तार इतकी ताठ होती की झाकण उघडताच सापाने माझ्या चष्म्याची काच फोडली. तेव्हापासून तार बारीक झाली आणि डबा स्वतःच्या तोंडासमोर किंवा दुसऱ्याच्या तोंडासमोर उघडू नये, अशी सूचना झाकणाच्या आत चिकटवली जाते. वयोवृद्ध प्रेक्षकांपुढे हा प्रयोग करू नये, असे आम्ही विकतानाच सांगतो, आणि साप निघण्याची खरी शक्यता असलेल्या गावात तर तो आम्हाला मुळीच गमतीचा वाटत नाही.

मुंगसाच्या शिवणकामाबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण स्वस्त मालाशी आमची तुलना नेहमी इथेच होते. फरचे कापड कात्रीने कापले की वरचे केस अर्धवट तुटतात आणि शिवण उघडी पडते. म्हणून कापड उलटे ठेवून फक्त पाठीमागची विणलेली बाजू पात्याने चिरावी लागते. केसांचा कल नाकाकडून शेपटीकडे गेला पाहिजे, नाही तर थोपटताना प्राणी विस्कटतो आणि मेलेला वाटतो. शिवून झाल्यावर शिवणीत अडकलेला एकेक केस सुईने बाहेर काढला जातो. या एका कामाला आमच्याकडील ताईंना प्रत्येक नगामागे पाऊण तास लागतो. स्प्रिंग भोसरीतील एका लहान कारखान्यातून येते. तिची दोन्ही टोके आत वळवून त्यांवर कापडी पट्टी गुंडाळली नाही, तर सहा महिन्यांत तार फर फाडून बोटात शिरते. डोळ्यांसाठी आम्ही बराच काळ खऱ्यासारखे दिसणारे काचेचे डोळे वापरत होतो. नंतर ध्यानात आले की तिसऱ्या रांगेपलीकडे ते डोळे दिसतच नाहीत. साधे काळे, गोल, किंचित मोठे आणि थोडे जवळ लावलेले मणी दिव्याचा प्रकाश पकडतात आणि मुंगसाला कायम काहीतरी चोरून आल्याचा चेहरा देतात.

साहित्य निवडायला येणाऱ्याला म्हणूनच आम्ही प्राणी किती खरा दिसतो, ते पाहू देत नाही. हुबेहूब प्राणी हातात घेतला की प्रेक्षक तो नकली कुठे आहे, हे शोधू लागतात; ढोबळ चेहऱ्याचा प्राणी असला की ते त्याचा स्वभाव शोधू लागतात. मुंगूस भित्रे आहे, आगाऊ आहे की झोपाळू, हे जादूगाराने विकत घेण्यापूर्वी ठरवावे, असा आमचा आग्रह असतो. एकाच कार्यक्रमात असे दोन प्राणी घेऊ नयेत, असेही आम्ही सांगतो, आणि हे सांगून आम्ही स्वतःचीच विक्री कमी करतो, याची आम्हाला कल्पना आहे.

नवख्या गिऱ्हाइकाची चूक जवळजवळ ठरलेली असते. काही महिन्यांपूर्वी साताऱ्याहून एक तरुण जादूगार आले होते. पत्त्यांचे काम अतिशय सफाईदार. मुंगूस हातात घेताच त्यांनी ते जोरजोरात हलवायला सुरुवात केली आणि स्वतः मात्र हसतमुखाने आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही त्यांना हात थांबवायला सांगितले. मुंगूस डाव्या कोपरात निजवावे, उजवा हात त्याच्या पाठीवरून सावकाश फिरवावा आणि दोन मिनिटे त्याच्याकडून फक्त श्वास घेववावा, एवढाच सराव दिला. पोट किंचित वर येते, खाली जाते. दुसरे काही नाही. बोलक्या बाहुल्यांच्या प्रयोगात, पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावांसमोर बसून आपण सगळ्यांनी हेच पाहिले आहे. बाहुला बोलत असताना शब्दभ्रमकार त्याच्याकडे पाहतो, म्हणून आपणही बाहुल्याकडे पाहतो. त्या तरुणाने अखेर मान खाली घालून मुंगसाकडे पाहिले, तेवढ्यात मुंगसाने एक कान हलवला, आणि चहा घेऊन आलेला मुलगा दारातच थबकला. त्याने या कार्यशाळेत असे शेकडो प्राणी पाहिले आहेत.

हालचाल कमी असावी, हे समजायला वेळ लागतो. प्रयोग संपल्यावर प्राणी परत ठेवणे मात्र समजूनही कोणी पाळत नाही. टाळ्या पडल्या की मुंगूस चुरगळून पिशवीत कोंबले जाते आणि दहा मिनिटांची मेहनत मुलांच्या डोळ्यांदेखत फुकट जाते. शेपटी आधी आत, मग धड आणि शेवटी डोके, तेही एकदा बाहेर डोकावून, असा क्रम आम्ही शिकवतो. उडी मारून मुंगूस प्रेक्षकांत जाण्याचा जुना शेवट आम्ही आठ वर्षांखालील मुलांपुढे करू नका, असे सांगतो. घाबरून रडणारे एक मूल सगळे सभागृह गंभीर करते.

स्पंजाच्या सशांचा धंदा मोठा आहे, पण त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. मुलाच्या बंद मुठीत दोन ससे देऊन ती उघडल्यावर ढीगभर पिल्ले निघतात. प्रयोग कोणालाही जमतो. कोकणातील गिऱ्हाइकांना मात्र आम्ही दरवर्षी नवा संच घ्यायला सांगतो. दमट हवेत स्पंज आधी चिकट होतो आणि मग त्याचा भुगा पडतो. ऊनही त्याला सोसत नाही.

मार्च २०२० मध्ये सगळे प्रयोग थांबले, तेव्हा आमच्याकडे चाळीस शिवलेली मुंगसे पडून होती. पुढे जादूगार घरातून कॅमेऱ्यासमोर कार्यक्रम करू लागले आणि मोठ्या पेट्या निकामी ठरल्या. मुंगसाचे तोंड मात्र पडदाभर दिसू लागले. त्या वर्षी आम्ही तगलो ते त्यामुळे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा दुकानदारांना किरकोळ विक्रीसाठी माल देणे आम्ही बंद केले. आमचे प्राणी प्रयोग करणाऱ्यांसाठी आहेत, खेळणी नव्हेत, हे आता प्रत्येक पावतीवर छापलेले असते.

सध्या कामाच्या टेबलावर एक जुने मुंगूस दुरुस्तीला आले आहे. अकरा वर्षे वापरून त्याच्या पाठीची फर गेली आहे, स्प्रिंग मधोमध वाकली आहे आणि एक डोळा जादूगाराच्या पत्नीने शर्टाच्या बटणाचा लावला आहे. नवे मुंगूस दुरुस्तीपेक्षा फार महाग पडणार नाही, असे आम्ही कळवले होते. त्यावर त्यांचे उत्तर आले की, पाठ बदला, स्प्रिंग बदला, शेपटीही हवी तर नवी लावा, पण तोंडाला हात लावू नका आणि बटणही काढू नका, कारण आमच्या तालुक्यातील शाळांतली मुले त्याला ओळखतात. नव्या फरचा रंग जुन्या तोंडाशी जुळत नाही, म्हणून ताईंनी कालपासून ती चहाच्या पाण्यात भिजत ठेवली आहे.