दोन मारुती, दोन मारुत्या

बेळगावच्या टिळकवाडीत एखाद्या मंगल कार्यालयासमोर मुहूर्ताच्या वेळी उभे राहा. कुणीतरी म्हणतंच, "किती मारुत्या थांबल्यात बघ की!" त्याच माणसाला विचारा, समर्थांनी मारुती किती स्थापले? 'अकरा मारुती' म्हणेल. चाफळ-मसूरच्या त्या देवांना 'मारुत्या' म्हणायची त्याची छाती होणार नाही. छाती कशाला, जीभच वळणार नाही.

देव पुल्लिंगी, आणि पुल्लिंगी ईकारान्त नाम अनेकवचनात जागचं हलत नाही. एक हत्ती, दहा हत्ती. १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती मात्र पडली गाडी. तिनं सरळ नदीची वाट धरली: नदी-नद्या, मारुती-मारुत्या. नाव वायुपुत्राचं, लिंग गाडीचं! कंपनीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

बुलेट तशीच भिंतीच्या मागोमाग गेली आणि बुलेटी झाली. अ‍ॅक्टिवाला शाळेचा नियम लागला. शाळा एक असो की चार, शाळाच, म्हणून दारात दोन अ‍ॅक्टिवा. बाटलीच्या नात्यानं बिसलेरीही बाई. खडेबाजारात 'दोन बिसलेऱ्या द्या' म्हणायचं आणि दुकानदार देईल त्या कंपनीचं पाणी मुकाट घ्यायचं. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही, झालंच तर ते सामान्यनाम समजावं, असं शाळेत घोकून घेत. बिसलेरी केव्हाचीच सामान्य झालीय. हल्लीची पोरं 'बुलेट्स' म्हणतात, ते मला नाही रुचत. 'बुलेटी'तली धडधड त्या 'ट्स'मध्ये फुस्सकन निघून जाते.

माणसांचं त्याहून अवघड. 'पाटील आले' म्हणजे एकटे आले, आदरानं, की सगळं घरदार आलं? शेजारच्या कन्नड काकू 'पाटीलरु बंदरु' म्हणतात, तरी उलगडा होत नाही. त्यांचा 'रु' आदराचाही आणि अनेकांचाही. 'पाटलांकडे' म्हटलं तरी तेच, आणि 'पाटलाकडे' म्हणून बघा, पाटील पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

लग्नाची यादी करताना तर व्याकरण गुंडाळूनच ठेवावं लागतं. नावापुढे गाव लावायचं: येळ्ळूरचे पाटील, उचगावचे पाटील, कडोलीचे पाटील. आणि वडगावचे पाटील, ज्यांना पत्रिका घरी जाऊनच द्यावी लागते, नाहीतर ते एकवचनातही येत नाहीत.