इंदूरचा अंगोरा हंगाम: १५ मार्चपासून उलटी मोजणी

अंगोरा म्हणजे लांब लोकरीचा ससा. आमच्या अंगोरांची यंदाची सगळी वेतं १५ मार्चच्या आत दुधावरून तोडून झाली. ही तारीख पक्की धरली की बाकीचं गणित सरळ आहे. गाभणकाळ ३१ दिवस, पिल्लं आईजवळ ४२ दिवस, एकूण ७३. म्हणजे नर-मादीची शेवटची जोडी लावायची ती १ जानेवारीला. त्यापुढे लावलेल्या मादीची पिल्लं एप्रिलच्या उन्हात अंगावर पीत असतात. मादी उन्हानं खाणं टाकते, दूध आटतं, आणि तीनचार आठवड्यांची पिल्लं एकेक करून मागे पडत जातात.

हंगामाची सुरुवात नर ठरवतो. पारा बरेच दिवस ३० अंशांच्या वर राहिला की नराचं वीर्य बिघडतं आणि ते सुधारायला दीड ते दोन महिने जातात. मे-जूनचा हिशेब केला तर ऑगस्टअखेर नर तयार असायला हवा. तरी पावसाळी वेत नकोच. दमट हवेत पिल्लांना कॉक्सिडिओसिस (परजीवींमुळे होणारा आतड्याचा रोग) गाठतो आणि खाद्याला बुरशी धरते. ऑक्टोबरअखेर पहिली जोडी, हेच माळव्याला मानवतं.

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीच्या नव्हे. आपल्या जागेत ती त्याला ओरबाडते. त्याआधी दोघांच्या मागच्या बाजूची लोकर बारीक कातरून ठेवावी, नाहीतर अर्धे प्रयत्न लोकरीतच जिरतात. मादीचं बाह्य जननांग लालसर-जांभळं असेल तर ती नर घेते, फिकट असेल तर दोन दिवसांनी पाहावं. अंडी समागमानंतर सुमारे दहा तासांनी सुटतात. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट चाचपलं की बोराएवढ्या, सरकणाऱ्या गाठी बोटांना लागतात. लेंड्या याहून कडक असतात आणि गुदाजवळ वर लागतात. नवख्याची फसगत इथेच होते.

घरट्याची पेटी अठ्ठाविसाव्या दिवशी ठेवायची. ४५ × ३० × ३० सेंटिमीटर पुरते, तळाला भोकं हवीत. आता अंगोराची खास भानगड. व्यायच्या आधी मादी पोटाची लोकर उपटून घरटं भरते. साध्या सशाचे केस आखूड असतात, चालून जातं. अंगोराची सहा-सात सेंटिमीटरची लोकर मात्र पिल्लांच्या ओल्या अंगाशी वळत जाऊन तिचा दोरा होतो. तो पायाला किंवा मानेला बसला की दोन दिवसांत पाय काळा पडतो, मानेला बसला तर पिल्लू गेलंच. कापूस घालणं हा उपाय नव्हे, तोही तसाच वळतो. मादी व्याली की घरट्यातली तिची लोकर काढून घ्यावी, कात्रीनं दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करावेत, पिंजून परत घालावी आणि खाली कोरडं मऊ गवत दाबून बसवावं. पहिले दहा दिवस रोज एकेक पिल्लू उचलून पायांची बोटं पाहावीत. मादीच्या आचळांभोवतीची लोकरही आधीच काढलेली बरी.

मादी दिवसात एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटंच पाजते. ती पेटीजवळ फिरकत नाही म्हणून हात घालत बसू नये. सकाळी पोटं गोल आणि ताणलेली दिसली की झालं. सुरकुतलेलं पोट दोन दिवस सलग दिसलं तर ते पिल्लू त्याच वयाच्या दुसऱ्या वेतात सरकवावं. वयातला फरक दोन-तीन दिवसांहून जास्त नको. एका अंगोरा मादीखाली पाच-सहा पिल्लं पुरेत. मादीची लोकर आणि मादीचं दूध एकाच खाद्यातून येतं, त्यामुळे पिल्लं पाजणाऱ्या मादीकडून प्रदर्शनाच्या लोकरीची अपेक्षा धरणं फुकट आहे.

खाद्यात प्रथिनं १६ ते १८ टक्के, तंतू १४ टक्क्यांच्या खाली नको. लोकर केराटिन या प्रथिनाची, त्यामुळे गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी पडली की लोकर लगेच आखूड येते. प्रथिनांसाठी इथे सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) हाताशी आहे. शेंगदाणा पेंड मात्र पावसाळ्यात टाळाच. तिच्यातल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सशाला फार लवकर मारतं. मोठ्या सशाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गोळीखाद्य आणि सुकं गवत हवं तेवढं. लेंड्या केसात ओवल्यासारख्या माळेनं पडू लागल्या तर पोटात लोकर साचतेय असं समजावं, कारण सशाला उलटी करता येत नाही. अननस-पपईनं केस विरघळत नाहीत. आठवड्यातून एक दिवस गोळीखाद्य बंद ठेवून नुसतं गवत देणं, हा खरा उपाय. लेंड्याच थांबल्या तर मात्र वेळ न घालवता डॉक्टर. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. कुणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक द्या म्हटलं किंवा कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध फिप्रोनिल फवारा म्हटलं तर ऐकू नका, दोन्ही सशाला घातक.

पिल्लांची पहिली कातरणी साठाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या वेताची मार्चअखेर, उन्हाच्या तोंडावर बरोबर बसते. कातरताना लोकर वर ओढली की पातळ कातडी तंबूसारखी उचलली जाते आणि कात्रीत सापडते. कातडी डाव्या हातानं ताणून कात्री अंगालगत आडवी चालवावी. उरलेले खुंट पुन्हा कातरून त्याच ढिगात टाकले तर सुतात गुठळ्या येतात. ते वेगळे ठेवावेत. पाठ आणि कुशीची सहा सेंटिमीटरच्या वरची लोकर पहिल्या प्रतीची, पोट-मानेची वेगळी. जर्मन अंगोरा स्वतःहून झडत नाही, त्याला कातरणं सक्तीचं. फ्रेंच आणि इंग्लिश झडतात, त्यांची लोकर उपटूनही निघते.

मोठ्यांचं चक्र ७५ दिवसांचं. मार्चच्या मध्यावर कातरलं तर पुढची पाळी मेअखेर येते आणि सगळा मे अंगावर कांबळ घेऊन काढावा लागतो. मेच्या पहिल्या आठवड्यातच कातरून टाकावं. ती लोकर आखूड, भाव नसलेली; जाऊ द्या. कूलर आणि खसची टट्टी (वाळ्याचा ओला पडदा) कोरड्या एप्रिल-मेमध्ये छान चालतात. पावसाच्या दमटपणात कूलर उलटा त्रास देतो, तेव्हा नुसता पंखा आणि खेळती हवा. दुपारी गोठवलेल्या पाण्याची बाटली पिंजऱ्यात आडवी ठेवावी, ससा तिला टेकून पडतो.

प्रदर्शनासाठी निवडलेल्या पिल्लांना आठव्या आठवड्यापासून ब्लोअरची सवय लावायला घेतलीय. कॉम्प्युटरची धूळ उडवायचा हातातला ब्लोअर पुरतो, हवा गार हवी. झोत एका जागी धरला की लोकर फुलासारखी उघडते, आत कातडी किती दिसते त्यावरून दाटपणा कळतो. ब्रश नको, तो चांगली लोकरही ओढून नेतो. गुंता आधी कानामागे, काखेत आणि हनुवटीखाली धरतो. तिथे बोटांनी सोडवावं, नाही सुटला तर कापावा. प्रदर्शनाच्या अमेरिकन मानकात इंग्लिश अंगोराचे निम्म्याहून जास्त गुण लोकरीलाच आहेत, तेव्हा डोकं-कान सुरेख पण लोकर विरळ असलेलं पिल्लू पैदाशीसाठी ठेवू नये. आखूड केसांच्या सशाशी संकरही नको: लांब केसांचा गुण अप्रभावी असल्यानं शुद्ध आखूड केसांच्या जोडीदारापासून पहिली पिढी सगळी आखूडच निघते.

ठेवायच्या पिल्लांच्या डाव्या कानात गोंदण झालंय. नर एप्रिलपासून सर्वांत गार खोलीत हलवलेत, ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यांना मादी दाखवायची नाही.