बागडोगरा प्रकल्प: कार्डं अडकली, सुटली आणि शेवटी पीएनआर फोडला

मंडळी, तिकिटं निघाली! चौघांची, मुंबई ते बागडोगरा (सिलीगुडीजवळचा विमानतळ), मे महिन्यातली. परतीची अजून बाकी आहेत, त्याकडे येतोच. मधल्या काळात जो घोळ झाला तो मात्र सविस्तर लिहितो, कारण गिफ्ट कार्डातले पैसे 'गायब' होण्याचा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांना आलाय आणि त्यावरचा उतारा मला कुठे वाचायला मिळाला नव्हता.

गिफ्ट कार्डांचा साठा मागच्या वेळी सांगितला तोच. विमान कंपनीची तीन गिफ्ट कार्डं, एक दहा हजारांचं आणि दोन पाच-पाच हजारांची. शिवाय बायकोच्या नावावर ११,३०० रुपयांचं क्रेडिट शेल, म्हणजे तिच्या रद्द झालेल्या नागपूरवारीचे कंपनीकडेच पुढच्या तिकिटासाठी जमा असलेले पैसे. कंपनीचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. तिच्या साइटचे नियम असे: एका बुकिंगला दोनच गिफ्ट कार्डं, गिफ्ट कार्ड आणि शेल एकत्र चालणार नाही, आणि शेल ज्याच्या नावावर आहे तो प्रवासी त्या पीएनआरमध्ये (म्हणजे त्या बुकिंग नंबरात) असायलाच हवा.

मूळ बेत सरळ होता. चौघांचा एक पीएनआर, भाडं माणशी ९,१८०, एकूण ३६,७२०. त्यातले पंधरा हजार दोन गिफ्ट कार्डांतून, उरलेले २१,७२० क्रेडिट कार्डावर, म्हणजे माइलस्टोनही (ठरावीक खर्च झाला की कार्डावर मिळणारा बोनस) जवळ येतो. शेल पुढच्या वारीला.

दोन्ही कार्डं लागली, साइटने हिरवी टिकमार्क दाखवली, बँकेचं पान उघडलं आणि ओटीपी आलाच नाही. मुलुंड स्टेशनबाहेर रेंज असते तशी असते. घड्याळ शून्यावर गेलं, 'व्यवहार अपूर्ण' असा फलक आला. इथपर्यंत ठीक. शिल्लक तपासायच्या पानावर सोळा आकडी नंबर टाकला, सहा आकडी पिन टाकला, तो वाकडातिकडा कॅप्चा ओळखला. शिल्लक: ०.००. दुसऱ्या कार्डाचीही तीच गत. तिकीट नाही, ईमेल नाही, एसएमएस नाही. क्रेडिट कार्डावर एक रुपयाही पडलेला नाही, त्यामुळे बँकेने हात झटकले, आणि त्यांचं तसं बरोबरच होतं.

कस्टमर केअरचं उत्तर पाठ झालंय: 'सात कामकाजाच्या दिवसांत पैसे आपोआप परत येतील.' ते दिवस सरले, पैसे आले नाहीत, पुन्हा तोच राग आळवला. मी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा दाखला देऊन बघितला. व्यवहार फसला आणि ठरलेल्या मुदतीत पैसे परत आले नाहीत, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, ते परिपत्रक. पण इथे ते लागू पडत नाही आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. बँकेचं गिफ्ट कार्ड हे प्रीपेड साधन, त्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम चालतात: कमाल दहा हजार, पुन्हा भरता येत नाही, वैधता किमान एक वर्ष. विमान कंपनीने फक्त स्वतःच्याच तिकिटांसाठी काढलेलं कार्ड मात्र 'क्लोज्ड सिस्टम'मध्ये मोडतं. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही. मग ते अडकलं की दाद मागायची कंपनीकडे, नाहीतर ग्राहक आयोगाकडे. रिझर्व्ह बँकेची मधली पायरी इथे नाही.

आता मुख्य गोष्ट. पैसे 'कुठे गेले' हा प्रश्नच सोडून दिला आणि चॅटवरच्या मुलीला वेगळं विचारलं: माझ्या मोबाइल नंबरवर होल्डवर असलेला एखादा पीएनआर दिसतोय का? दिसला! पेमेंट पूर्ण होण्याआधीच साइट आतल्या आत पीएनआर तयार करते, कार्डातली रक्कम त्याच्याशी बांधते आणि मग आपल्याला बँकेच्या पानावर पाठवते. बँकेचा टप्पा फसला तरी तो अर्धवट पीएनआर तसाच लोंबकळत राहतो. रिफंड विभागाला तो दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी पैसे आलेलेच नाहीत. बुकिंग विभागाला दिसतो, पण त्यांना कुणी विचारत नाही. मी म्हटलं, 'रिफंड नको, एवढा पीएनआर रिलीज करा.' तिने केला. चहा होईपर्यंत दोन्ही कार्डांची शिल्लक जशीच्या तशी परत. त्या कॅप्चावर मी पहिल्यांदाच प्रेम केलं असेल.

तेव्हा तक्रार नोंदवताना 'रिफंड' हा पर्याय निवडूच नका. 'बुकिंगमध्ये बदल' निवडा आणि होल्ड पीएनआर मागा.

तोवर चौघांचं भाडं तेवढंच होतं, पण दोघांसाठी शोधलं तर माणशी ७,९४०! जुन्या खेळाडूंना हे माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. स्वस्त बकेटमध्ये (एका दराच्या जागांच्या गटात) दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर साइट चारही जागा वरच्या बकेटच्या दराने देते. म्हणून पीएनआर फोडला. दोन जागा ७,९४० ने, दोन ९,१८० ने, एकूण ३४,२४०. म्हणजे २,४८० वाचले, आणि कार्डांची अडचणही त्याच झटक्यात सुटली. बायको आणि धाकटा एका पीएनआरमध्ये: १५,८८० पैकी ११,३०० शेलमधून, ४,५८० क्रेडिट कार्डावर. मी आणि मोठी दुसऱ्यात: १८,३६० पैकी पंधरा हजार गिफ्ट कार्डांतून, ३,३६० क्रेडिट कार्डावर. माइलस्टोन बोंबलला, पण शेल एकदाचं मार्गी लागलं याचा आनंद मोठा. कन्व्हिनियन्स फी माणशी असते, त्यामुळे फोडल्याने ती वाढली नाही.

फोडताना दोन गोष्टी बघा. बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर त्याच पीएनआरमध्ये मोठं माणूस हवं. आणि फ्लाइट रद्द झाली तर दोन पीएनआर दोन वेगळ्या विमानांत जाऊ शकतात, म्हणून फोन करून दोन्हींवर एकमेकांचा रिमार्क टाकून घ्या.

शेलबद्दल एक. ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं असं अजूनही अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते १ ऑक्टोबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातलं, लॉकडाऊनमधल्या तिकिटांपुरतं आणि ३१ मार्च २०२१ पर्यंतचं. आजच्या शेलला ते लागू नाही. मुळात शेल घ्यायचं की पैसे परत घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचं असा डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) नियम आहे. रद्द करताना साइट शेलचं बटण ठळक आणि रिफंडचं फिकट दाखवते, डोळे उघडे ठेवा. आणि तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि यूडीएफ (विमानतळाचं वापरशुल्क) परत मिळतात, ते सोडू नका.

कार्डं कुठून घ्यायची, यावर माझं मत बदललेलं नाही. बँकेच्या रिवॉर्ड पोर्टलवरून, बस. टेलिग्रामवर आठ-दहा टक्के सवलतीत विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, पिन आधीच कुणी वापरला असेल तर कुणाच्या नावाने रडणार? साठाही करू नका. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्टची ३ मे २०२३ ला. तेव्हा ज्यांच्याकडे क्रेडिट होतं ते नुसते दावेदार होऊन बसले. माझा नियम: तारीख ठरल्याशिवाय कार्ड घ्यायचं नाही.

परतीसाठी खरं तर हाच फॉर्म्युला वापरणार होतो, पण वरचं लिहिताना एक डोक्यात आलं. सगळा घोळ झाला तो बँकेच्या पानावर. तो टप्पाच नको! पीएनआरची रक्कम गिफ्ट कार्डांत पूर्ण बसली तर ओटीपीच लागत नाही, म्हणजे लोंबकळायला काही उरतच नाही. मी एकटा एका पीएनआरमध्ये, उरलेलं पाच हजारांचं कार्ड अधिक एक नवीन. बायको आणि मुलं दुसऱ्यात, नेहमीसारखी क्रेडिट कार्डावर. तोटा इतकाच की माझ्या तिकिटाला एअरलाइन एमसीसीचे (दुकानाचा प्रकार सांगणाऱ्या कोडचे) जादा पॉइंट नाहीत, कारण पोर्टलवरच्या कार्डखरेदीला प्रवासाचा कोड सहसा लागत नाही. शिवाय बऱ्याच क्रेडिट कार्डांचा प्रवासविमा तिकीट त्याच कार्डावर काढलं तरच मिळतो, तेव्हा आपापल्या अटी वाचून घ्या.

आणि हो, उतरायला सांताक्रूझऐवजी नवी मुंबई मिळतंय का तेही बघतोय. ऐरोली पुलावरून मुलुंड गाठायला रात्री बरं पडेल. फ्लाइटच्या वेळा जुळल्या तर शनिवारी बुकिंग टाकतो. नवीन कार्ड किती रुपयांचं घ्यायचं ते भाडं बघूनच ठरवीन, म्हणजे मागे शे-दीडशेची शेपटी उरणार नाही. अशा उरलेल्या शिल्लकीतून कुणी सीटचे किंवा बॅगेचे पैसे भरून बघितलेत का? माझ्या साइटवर तो पर्याय दिसतो, पण दाबला की पान पांढरं पडतं.