शेपूट तुटलेली पीडीएफ

आमच्या गोव्यातल्या माशेलच्या नाट्यमंडळाची स्मरणिका चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, छापून हवी होती. मजकूर जमवणं, टंकन, पानं लावणं, सगळं माझ्या गळ्यात. ९६ पानं झाली. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ थेट पेनड्राइव्हवर काढली आणि भाऊ तो घेऊन फोंड्याच्या छापखान्यात गेला. दुपारी तिथून फोन: "बाय, फायल उगडना गो."

तीच फाइल मी व्हॉट्सअ‍ॅपवर परत मागवली. माझ्या संगणकावर उबुंटू, म्हणजे लिनक्स आहे, त्यावर उघडली, फोनवरही उघडली, ९६च्या ९६ पानं. म्हणजे दोष त्यांच्या मशीनचा, असं मी त्यांना जरा ठसक्यातच सांगितलं.

तरी मनात पहिला संशय फॉन्टचा. देवनागरीत काही बिघडलं की आपलं बोट आधी तिकडेच जातं. पीडीएफफॉन्ट्स नावाची छोटी आज्ञा फाइलमधले सगळे फॉन्ट दाखवते आणि प्रत्येक फॉन्ट आत भरलाय की नाही तेही सांगते. सगळे भरलेले होते. त्या नादात मजकूर कॉपी करून पाहिला, तर 'विठ्ठल'ची वेलांटी व्यंजनाच्या आधी येऊन बसली. पीडीएफमध्ये मुळात अक्षरांचे आकार ठेवलेले असतात. कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर, याचा नकाशा वेगळा असतो आणि तो कच्चा असला की शोध आणि कॉपी गंडतात. पण त्यामुळे छपाई अडत नाही. अख्खी संध्याकाळ या आडवाटेत गेली.

रात्री क्यूपीडीएफ या पीडीएफची रचना तपासणाऱ्या प्रोग्रामला फाइल तपासायला लावली. पहिल्याच ओळीत उत्तर: फाइल खराब आहे, 'स्टार्टएक्सरेफ' सापडत नाही.

इथे मला पीडीएफची रचना पहिल्यांदा नीट कळली. ही फाइल शेवटाकडून वाचायची असते. अगदी तळाला दोन टक्केचिन्हं आणि ईओएफ, म्हणजे 'फाइल संपली' ही खूण. त्याच्या वर स्टार्टएक्सरेफ हा शब्द आणि एक आकडा, म्हणजे अनुक्रमणिका कितव्या बाइटला सुरू होते तो पत्ता. त्या अनुक्रमणिकेत प्रत्येक वस्तूची, म्हणजे पान, चित्र, फॉन्ट यांची, एकेक नोंद. नोंद बरोबर २० बाइट्सची, त्यातले पहिले १० अंक त्या वस्तूचं ठिकाण सांगणारे. (आवृत्ती १.५पासून ही अनुक्रमणिका कॉम्प्रेस करून, डोळ्यांनी न वाचता येण्याजोगीही ठेवता येते. माझी साधीच होती, हे नशीब.)

टेल आज्ञेने फाइलचा शेवट पाहिला. आकड्यांच्या ओळी एकाखाली एक, आणि एका ओळीच्या मध्यातच सगळं संपलेलं. ईओएफचा पत्ता नाही. फाइलच्या आकाराला ४०९६ने भागलं, बाकी शून्य. डिस्कवर मजकूर ठोकळ्याठोकळ्यांनी, सहसा ४०९६ बाइट्सच्या, लिहिला जातो. शेवटचे ठोकळे पोचलेच नव्हते.

मग आठवलं. कदंबची बस चुकेल म्हणून भाऊ दारात चप्पल घालून उभा, आणि पडद्यावर काम झाल्यासारखं दिसताच मी पेनड्राइव्ह उपटून त्याच्या हातात दिला होता. सुरक्षित बाहेर काढायचं बटण कोण दाबतंय! लिनक्स लिहायचा मजकूर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवतो. आपल्याला वाटतं लिहून झालं.

जे तुटलं ते सगळं अनुक्रमणिकेतलं होतं, पानं शाबूत होती. माझ्याकडचे पीडीएफ उघडणारे प्रोग्राम गुपचूप पूर्ण फाइल चाळून स्वतःची अनुक्रमणिका बांधत होते आणि मला त्याबद्दल चकार शब्द सांगत नव्हते. छापखान्याचं सॉफ्टवेअर तेवढं सोशिक नव्हतं. खरं बोलणारं तेच एक.

दुरुस्तीच्या भानगडीत पडले नाही. पीडीएफ नव्याने हार्ड डिस्कवर काढली, पेनड्राइव्हवर नेली, नीट बाहेर काढली, परत लावली आणि पेनड्राइव्हवरचीच प्रत क्यूपीडीएफकडून तपासून घेतली. एकही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी पावसात मीच फोंड्याला गेले. त्यांच्या पडद्यावर मुखपृष्ठ उमटलं, तेव्हा मशीनबद्दल बोलले होते त्याची माफी मागितली. त्यांचं लक्ष भलतीकडेच. "ह्या दोन पानांचेर फोटो काळे येतले," म्हणाले, "ते बदलून दी गो."